सात घरांचं हरीण

शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, उत्तर मिशिगनमधल्या रेइनोच्या बंदुकीच्या दुकानात मी रांगेत होतो. माझ्यापुढे सत्तरीच्या आयलीकाकू.

“सगळ्यात मोठं काडतूस दे. हरीण जागेवर पडलं पाहिजे.”

“मारणार कुठून, काकू?”

“गोठ्याच्या दारातून. सफरचंदाच्या झाडापर्यंत दीडशे पावलं.”

“मग हे दोनशे त्रेचाळीस नंबरचं छोटं काडतूस पुष्कळ झालं. मोठ्याचा झटका तुमच्या ऑपरेशन झालेल्या खांद्याला सोसायचा नाही. भीतीनं डोळे मिटाल, आणि हरीण जखमी होऊन रानात तडफडेल.”

“काकू, आवरा! हरणं म्हातारी होतील!” मी मागून म्हणालो.

“तू गप रे मागे! रेइनो, यंदा चुकून चालणार नाही. गेल्या हिवाळ्यात मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा दर रविवारी कोणीतरी पायरीवर हरणाचं मांस ठेवून जायचं. त्यावर तगले बघ.”

“कोण ठेवायचं?”

“देवाला ठाऊक. म्हणून आळीतल्या सातही घरी वाटा द्यायचाय.”

“या काडतुसाची बंदूक माझ्या लेकीकडे आहे, ती न्या. पण आमचं घर वगळा. आमच्याकडे भरपूर असतं.”

“ज्यानं ठेवलं, तोही असंच म्हणणार. म्हणून तर कोणालाच वगळत नाही. दे ते छोटं काडतूस.”