झाकून ठेवलेलं मांस

शिकारीच्या हंगामात आमच्या माँटानातल्या दुकानात रांग असतेच. माझ्यापुढे म्हातारा डेलबर्ट होता आणि शिकागोहून आलेला त्याचा जावई, हातात दोरखंड घेऊन.

"काय जावईबापू, एल्क मारलंत म्हणे! हरणच होतं ना, की कुणाची गाय?"

"हरणच, बाबा. अर्धं काल घरी आणलं. उरलेलं ओढायला हा दोर."

"रात्रभर उघड्यावर? मग कावळ्यांनी काय ठेवलंय!"

"उघडं कुठलं? सकाळी बघतो तर कुणी भल्या माणसाने माती, गवत घालून छान झाकलेलं."

"माती?"

"वीतभर. वर फांद्यासुद्धा."

"अरे, ते माणसाचं काम नव्हे! ग्रिझली अस्वल आपलं ताट असं झाकतं, आणि राखणीला तिथंच झुडपात पडून राहतं. जवळ जाईल त्याला फाडतं. नशीब, परत आलास!"

"बाबा... आई तिथंच आहे."

"विहीणबाई? काय करतायत?"

"तिला घाण खपत नाही. माती झाडतेय."

आमच्या गावात रांग कुणी मोडत नाही. डेलबर्टच्या पुढची सातही माणसं बाजूला झाली, आणि दुकानदाराने न विचारता अस्वलावर मारायच्या तिखटाच्या फवाऱ्याचे दोन डबे पुढे सरकवले.