कस्टमर केअरला घातलेलं गाऱ्हाणं

तुम्ही हसाल, पण आमच्या नव्या टीव्हीपुढे माझ्या बाबांनी गाऱ्हाणं घातलं होतं. लालबागच्या चाळीत, भरदुपारी, अर्धा मजला आमच्या खोलीत मॅच बघायला जमलेला असताना. आदल्याच दिवशी आणलेला टीव्ही टॉस झाल्याबरोबर काळा पडला.

मी कस्टमर केअरला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी साफ हिंदीत म्हणाली, "सर, प्लग निकालकर फिर से लगाइए." तेही करून झालं. मग म्हणाली, "लाइन पर बने रहिए सर, मैं चेक करती हूँ."

तेवढ्यात बाबा उठले. आम्हा मालवणी लोकांत काम अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात आणि जमलेल्यांनी त्याला होकार द्यायचा असतो. बाबांनी टीव्हीपुढे हात जोडले. मी म्हटलं, "बाबा, ती ऐकतेय." त्यांनी मला हातानेच गप्प केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या नव्या टीव्हीक कोणाची नजर लागली आसात, तर ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

आणि सगळ्यांच्या मागून, फोनमधून, हळूच आवाज आला, "व्हय म्हाराजा."

सगळ्यांच्या माना फोनकडे वळल्या. टीव्ही काळाच होता, पण त्याच्याकडे बघतंय कोण. बाबा फोनपाशी गेले, देव्हाऱ्यापुढे वाकतात तसे वाकले आणि त्या मुलीला म्हणाले, "टीव्ही ऱ्हवांदे गो चेडवा. गाव खंयचा तुजा?"