डावीकडे दोन, उजवीकडे तीन

…नाही, पण मी म्हणते, सगळ्या गावाला माझं समीकरण सोडवायची एवढी घाई का? मला ते सुटायला नकोच आहे! निदान संध्याकाळपर्यंत तरी नको! तुम्हाला सांगते, विज्ञानाच्या एवढ्या मोठ्या गृहपाठात मला एकच असं सापडलं होतं, जे अडलंय म्हटलं तर कुणालाही पटेल. ॲल्युमिनियम अधिक ऑक्सिजन, मग बाण, मग ॲल्युमिनियम ऑक्साइड. आता ऑक्सिजनचे अणू मोजा… डावीकडे दोन, उजवीकडे तीन! झाली की नाही पंचाईत? तीच तर मला हवी होती. पंचाईत असली की फोन करता येतो.

कुणाला म्हणून काय विचारता? ग्लिनिसला! बालवाडीपासून माझ्या बाकावर बसणारी, आणि या जूनमध्ये घरच्यांबरोबर मडगावला राहायला गेलेली ग्लिनिस. आता बाकावर मी आणि माझं दप्तर. गेल्या खेपेला मी तिला असाच फोन केला, काम नसताना. "काय करतंस?" "काय नाय. तू?" "काय नाय." मग दोघींनी एक श्वास घेतला… आणि फोन ठेवला! म्हणून ठरवलं, या वेळी हातात काहीतरी अडलेलं घेऊन जायचं आणि त्याच्या आडून बाकीचं सांगायचं. विनीतच्या दप्तरातून भर तासाला जिवंत कुर्ली निघाली आणि तिच्या नांग्या बघून शर्मिला मॅडम खुर्चीवर चढल्या, हे कुणाला सांगू मी? वर्ग हसला, मीही हसले, पण मला हसताना शेजारी वळायची सवय… वळले, तर दप्तर.

तर शाळा सुटताना त्याच शर्मिला मॅडम! "संचिता, चेहरा का असा? समीकरण अडलंय? ये, दाखवते!" एरवी माझा आवाज हजेरीपुरता, पण तेव्हा केवढ्यांदा ओरडले, "नको, मॅडम!" आणि पळाले.

घरी आले, तर आई बांगडे साफ करत बसलेली. "काय गो, कपाळार आठी कित्याक?"

म्हटलं, "डावीकडे दोन, उजवीकडे तीन."

"मगे एक मांजराक घाल!"

अगं आई, ऑक्सिजन आहे तो! "मगे झाकून ठेव." आणि ॲल्युमिनियम म्हणजे आपला जर्मनचा टोप, हे कळल्यावर तर ती भडकलीच. "टोप जाळूक शिकयतत शाळेत?"

तेवढ्यात शेजारचे बाबलीकाका कोयती परत द्यायला आले. "हाड बघया ती वही! हेच्यात काय आसा? त्या तीनाचो दोन कर. कोण बघूक येता!" आता यांना कसं सांगू, की खालच्या बारीक आकड्याला हात लावायचा नसतो? तो बदलला की पदार्थच बदलतो. आकडा लावायचा तो पुढे. काका म्हणाले, "मगे फुडे लाव!" आणि पेन्सिल घेऊन लागले की हो लावायला! उजवीकडे दोन लिहिला, तीन दुणे सहा झाले… आणखी दोन आकडे आणि माझा फोन बुडाला असता! मी वही ओढली. "काका, तुमचा चहा!" चहा कुठला? चूलसुद्धा पेटली नव्हती. आईने माझ्याकडे असं बघितलं, की बांगड्याच्या जागी मीच.

बरं, माणसांपासून वाचवलं. पण स्वतःच्या डोक्याचं काय करायचं? अंगणातले कपडे काढत होते, मनात काही नव्हतं, आणि हातात चिमटा असताना… उजवीकडे सहा, मग डावीकडे ऑक्सिजनपुढे तीन, ॲल्युमिनियमपुढे चार. सुटलं! तुम्ही कधी आलेलं उत्तर विसरून बघितलंय? परीक्षेत ते आपोआप होतं, आणि गरज असते तेव्हा… छे!

तरी फोन केला. आवाज अडलेल्या मुलीसारखा काढला. "ग्लिनिस, ॲल्युमिनियमचा एक समीकरण अडला हा. डावीकडे दोन, उजवीकडे तीन."

"अगो, चार, तीन, दोन!" ती हसायलाच लागली. "तूच नाय माका शिकयलंस? इसारलंस?"

संपलं! दिवसभर ज्याला कुणाचा हात लागू दिला नाही, ते एका श्वासात संपलं! मी म्हटलं, "हां… हां." आता कुर्ली सांगायची. अगदी ओठापर्यंत आली होती हो! पण पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, "ग्लिनी, यो गो!" ग्लिनी? मी तिला कधी ग्लिनी म्हटलं नाही. मला सुचलंच नाही.

"आनी काय अडला हा?" तिने विचारलं. मायेनेच विचारलं, खोटं कशाला बोलू? आणि मी काय म्हटलं असेल?

"नाय. काय नाय."

मग बसून वहीत चार, तीन, दोन सुवाच्य अक्षरांत लिहिले. दोन्ही बाजू सारख्या. रसायनशास्त्राचा हाच वैताग आहे, तुम्हाला सांगते, एकदा सुटलं की बोलायला काही उरतच नाही. म्हणून आता इतिहासाचं पुस्तक काढून बसलेय. त्यात धड्याच्या शेवटी एक बरं असतं… 'सविस्तर उत्तरे लिहा.'