डब्यातले सासरे

...परवानगी नाही म्हणे! मला! तुम्हाला सांगतो, घर माझं, वीज माझी, फायली साठवायचा तो काळा डबा मी स्वतः उचलून कपाटात ठेवलेला, आणि लॅपटॉपवरून आत डोकवावं तर मलाच सुनावतो, 'आपणास प्रवेशाची परवानगी नाही'! असा अपमान माझ्या सासऱ्यांनीसुद्धा कधी केला नाही हो... म्हणजे केला, पण निदान घरात घेऊन मग केला!

आता सासरे मध्येच कुठून आले? अहो, त्या डब्यातच आहेत ते! म्हणजे त्यांचा आवाज. जन्मभर कुरकुरले, दूधवाल्यावर, हवेवर, पंख्याच्या घरघरीवर, माझ्या चपला काढण्यावर... मेहुण्यानं ते सगळं हौसेनं रेकॉर्ड करून डब्यात साठवलं, आणि सासरे गेल्यापासून सासूबाई सकाळचा चहा लॅपटॉपवर त्यांची बोलणी ऐकत घेतात. चांगलं चाललं होतं हो! डबा म्हणाला, 'नवीन फर्मवेअर आलंय, घालू?' म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, आणि मला दुर्बुद्धी सुचली, म्हटलं, घाल बाबा. झालं! हिरवा दिवा चालू, आतला पंखा चालू, सासरे बंद!

आठवडाभर मी डबा बंद करतोय, चालू करतोय, वायर उपसतोय, फुंकर मारतोय, पुन्हा खोचतोय, डब्याच्या सात पिढ्या उद्धरतोय... बायको दारातून, 'अहो, चांगलं चाललं होतं ना? मग हात कशाला लावलात?' सासूबाई मात्र कप हातात धरून नुसत्या बसून राहायच्या. बघवेना हो...

कंपनीला फोन लावला. आधी भरपूर संगीत, मग मधात घोळलेली एक मुलगी, 'सर, डबा आता जास्त सुरक्षित झालाय. तुमचा लॅपटॉप जुन्या पद्धतीनं बोलतो, म्हणून डबा त्याला आत घेत नाही.' मी म्हटलं, बाई, जुन्या पद्धतीनं तर मीही बोलतो, मी कुठे जाऊ? 'सर, सेटिंगमध्ये जुनी पद्धत परत चालू करा, मुख्य पासवर्ड टाकून.' पासवर्ड कुणाकडे? मेहुण्याकडे! तो फोनवर खिदळतोय, 'पण दाजी, चांगलं चाललं होतं की!' अरे, ठाऊक आहे मला!

शेवटी पासवर्ड टाकला, जुनी पद्धत चालू केली, श्वास रोखून फाईल उघडली, आणि... 'हा चहा आहे की पाय धुतलेलं पाणी?' सासरे! खोटं वाटेल तुम्हाला, माझे डोळे भरून आले. ओरडलोच, 'सासूबाई, धावा, आले!'

त्या आल्या. बसल्या. ऐकलं. आणि म्हणतात कशा, 'राहू द्या हो, जावईबापू. ह्यांचं हे सगळं पाठ झालंय मला. तुम्ही डब्यावर खेकसत होतात ना, ते अगदी ह्यांच्यासारखं! आणि रोज नवं नवं!'

आता बोला! रोज सकाळी कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात, पदर सावरतात, आणि... 'हं, जावईबापू. आज कुणावर?'