टीव्हीची वीज वजा कर

घरून काम करतो म्हणून घरातला खर्च कंपनी देणार, असं कळल्यावर मी विजेचं बिल घेऊन बसलो. आधी पंखा लिहिला.

बाबा म्हणाले, "त्याच्याखाली मीही बसतो. अर्धाच लिही."

लिहिला.

"तुझ्या मीटिंगांमुळे मी दिवसभर टीव्ही लावत नाही. ती वीज वजा कर."

केली.

"हिंजवडीच्या ऑफिसला जायचं पेट्रोल वाचतं, तेही."

मी चक्रावलो. हिशोब दोनदा तपासला, चूक सापडेना. "अहो बाबा, आता मीच कंपनीचं देणं लागतोय!"

"मग कळव तसं."

दुसऱ्या दिवशी ऐन मीटिंगमध्ये हॉलमधला टीव्ही दणक्यात सुरू झाला. मी धावत गेलो.

बाबांनी मानही वळवली नाही. "तुझं देणं कमी करतोय. जा, काम कर."