रुमालाखालचा भाव

मधुकर : पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, हे वहीत आहे माझ्या. चवली, पावली, बंदा रुपया, तेही आहेत. मला तुमच्या बैलबाजारातले शब्द हवेत, आबा. दलाल आपसात बोलायचे ते.

आबा : एवढ्यासाठनं साताऱ्यास्नं शिराळ्याला आलासा? दोन यष्ट्या बदलून?

मधुकर : तीन. कराडला एक चुकली.

आबा : आन ही वही वाचनार कोन, गुरुजी?

मधुकर : गुरुजी नाही हो मी. वाचनालयात होतो, पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर. वाचणार कोणीच नाही बहुतेक. माझी मुलगी मयूरी म्हणते, बाबा, फोनवर सगळं मिळतं.

आबा : मिळतंय?

मधुकर : खोका मिळतो. तुमच्या बाजारातलं काही मिळत नाही.

आबा : कसं मिळंल? भायेरच्याला सांगायचं न्हाई, असं माजं आन मानसिंगचं ठरल्यालं. चाळीस वर्सं जोडीनं दलाली केली. दोन वर्सं झाली त्याला जाऊन.

मधुकर : मग राहू द्या. मी उगाच आलो. साडेचारची गाडी आहे, निघतो.

आबा : आवं, बसा की! मानसिंगच न्हाई, आता कुनासाठनं लपवू? खरं सांगू? शब्दच नव्हता.

मधुकर : शब्द नव्हता?

आबा : बैलाचा मालक दावं धरून शेजारीच हुबा. आकडा तोंडातनं निघाला की त्याला कळलाच न्हवं? म्हून समदा भाव रुमालाखाली. तोंडानं नुसतं, "लय झालं" न्हाईतर "बघ बाबा".

मधुकर : आता हे लिहायचं कसं?

आबा : ठेवा ती वही. हात आना हिकडं.

मधुकर : माझा?

आबा : मग काय म्हशीचा? उजवा आना.

(आबा खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकतात.)

आबा : हे एक बोट धरलं. शंभर का हजार, ते जनावराकडं बघून समजायचं. ही दोन. तीन. आन हा अख्खा पंजा.

मधुकर : पाच.

आबा : आलं की! लय गार हाय वो हात तुमचा.

मधुकर : सवय नाही राहिली. अनसूया, मयूरीची आई, गेल्यापासून कोणी धरलाच नाही. या वयात सगळे नमस्कार करतात. लांबून.

आबा : व्हय. माजाबी कुनी धरला न्हाई, मानसिंग गेल्यापास्नं. मानसिंगच्या अंगठ्यापाशी इळ्याचा वण व्हता. बाजारात आमी तोंडं बघायचोच न्हाई, हातावर वळख. शेवटी दवाखान्यात बोलनं बंद झाल्यालं त्याचं. मी गेलो, तर चादरीखाली माजी बोटं धरली. चार.

मधुकर : चार म्हणजे?

आबा : तेच कळंना. चार हजार म्हनावं, तर देनंघेनं काय नव्हतं. चार दिस म्हनावं, तर दुसऱ्याच दिशी गेला. दोन वर्सं इचार करतोय.

मधुकर : मला यातलं कळत नाही, आबा. चुकत असेन. पण त्यांना सगळा हातच धरायचा असेल. एका बोटापुरता जोर कमी पडला असेल.

(आबा रुमालाखाली मधुकरचा हात घट्ट धरतात.)

मधुकर : चुकलं का माझं?

आबा : न्हाई.

मधुकर : गाडी गेली वाटतं. तेवढं लिहून घेऊ का, वहीत?

आबा : उजव्या हातानंच लिवता न्हवं?

मधुकर : हो.

आबा : मग ऱ्हाऊ द्या जरा.