शेवटची दहा पानं

वसईच्या बस स्टँडवर विरारच्या बसची वाट बघून यमुनाबाई कंटाळल्या होत्या. रांगेत त्यांच्या पुढे एक तरुण आणि त्याची धाकटी बहीण उभी होती, पायाशी दोन मोठ्या बॅगा. बहीण बॅगेची चेन सारखी उघडत होती, लावत होती. बाईंनी डोळे मोबाइलवर ठेवले, कान मात्र तिकडे लावले.

“अश्लेषा, चार महिने माहेरी राहून नुसती पुस्तकं वाचलीस.”

“दोनच वाचली, दादा. दुसरं कालच संपलं.”

“काय होतं एवढं त्यांत?”

“पहिल्यात नवरा शेवटच्या दहा पानांत सुधारतो. आधीची दोनशे पानं तो तसाच असतो. मला नाही पटलं.”

“सुधारतात गं माणसं. विघ्नेशराव फोनवर म्हणाले ना, पुन्हा असं होणार नाही?”

“दर वेळी म्हणतात.”

“बरं, दुसऱ्यात?”

“ती सासरी परत जातच नाही. नोकरी करते, एकटी राहते, एकटी जेवते. बाकी काहीच घडत नाही. कंटाळवाणं आहे.”

“बघ, तूच म्हणतेस!”

“पण मी दोनदा वाचलं.”

“कंटाळवाणं पुस्तक दोनदा कशाला?”

“ती जेवत असताना तिचं ताट कुणी भिरकावत नाही, दादा. तेवढं वाचायला.”

बस आली. रांग पुढे सरकली. बॅगा उचलायला वाकलेला भाऊ तसाच थांबला, मग बॅगा घेऊन बाजूला झाला.

“मावशी, तुम्ही चढा,” तो यमुनाबाईंना म्हणाला. “आम्हाला नाही जायचं.”